मॅडम, तुम्ही कुठपर्यंत खेळलाय?

दर जून-जुलैत हा प्रश्न येतोच. ॲडमिशनचे दिवस असतात. गडहिंग्लज, कागल, राधानगरीकडून वडील मुलीला घेऊन आलेले असतात आणि फॉर्म भरून झाला की जिमखान्यात डोकावतात. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची असिस्टंट कोच म्हणून माझी ओळख होते, उंची-वजनाचं बोलणं होतं आणि मग हळूच, ‘‘मॅडम, तुम्ही सोता कुठपर्यंत खेळलाय?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

खेळले शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत. त्यातही बराच वेळ बाकावर. विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही, राज्य-राष्ट्रीय तर लांबच राहिलं.

हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. त्यांचं तरी काय चुकलं? खाशाबा जाधव याच शहरात राजाराम कॉलेजला शिकले आणि १९५२ ला हेलसिंकीहून पदक घेऊन आले. आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं. अशा ठिकाणी कोच म्हटल्यावर लोक आधी पदकांचं कपाट शोधणारच. त्यातून कोल्हापूरचा जीव कुस्तीत, नाहीतर शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमध्ये. फुटबॉल संघामागं पेठेतली अख्खी तालीम उभी राहते. व्हॉलीबॉलसाठी कुणी हलगी आणल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

व्हॉलीबॉल जिवंत आहे तो खेड्यापाड्यात. आमच्या गावात दिवाळीनंतर खांबावर दिवे लागायचे आणि शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा रात्र रात्र चालायच्या. शूटिंगमध्ये पास, सेट, स्मॅश अशी मांडणी नसते. आलेला चेंडू थेट पलीकडं हाणायचा. भाऊ खेळायचे, मी उसात गेलेला चेंडू शोधून आणायचे. पोरींनी खेळायचं म्हणजे काय, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही, कारण तो कुणाच्या डोक्यातच आला नाही. कॉलेजला कोल्हापुरात आल्यावर पहिल्यांदा तीन टच करून चेंडू पलीकडं पाठवणाऱ्या मुली बघितल्या आणि त्याच आठवड्यात नाव दिलं.

उंची बेताची. मुलींची नेट २.२४ मीटरवर असते; तिच्यावरून हात नेऊन मारणं माझ्या नशिबात नव्हतं, म्हणून सेटर, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी झाले. आमची मुख्य सेटर माझ्यापेक्षा चांगली होती, म्हणून राखीव सेटर झाले. बुटक्या खेळाडूंसाठी देवासारखा आलेला लिबरोचा, म्हणजे फक्त मागं राहून बचाव करणाऱ्या खेळाडूचा नियम १९९८ चा, पण आमच्या मैदानावर तो बरेच दिवस कागदावरच होता.

बाकावरून मी गेले थेट गुणलेखकाच्या टेबलाशी, आणि माझं खरं शिक्षण तिथं झालं. विभागीय सामन्यांना स्कोअरशीट भरायला माणूस मिळत नाही. किचकट काम, चुकलं तर दोन्ही बाजूंनी ओरडा. भत्ता आणि नाश्ता मिळायचा म्हणून मी बसायला लागले. सेट सुरू होण्याआधी कोच सहा जागांची चिठ्ठी देतो, ती उतरवून घ्यायची. सर्व्हिस कुणाची, गुण कुणाचा, बदली कधी, टाइमआउट किती, सगळं टिपायचं. चुकीच्या क्रमानं कुणी सर्व्हिस केली तर चेंडू मारल्या मारल्या पंचांना सांगायचं, आधी नाही. एवढं करायचं म्हणजे बारा जणींच्या जागा सतत डोक्यात फिरत्या ठेवाव्या लागतात.

ते करताना हळूहळू दिसायला लागलं. संघ पंचवीसपैकी अठराव्या गुणावर ‘दबावाखाली’ ढासळला असं प्रेक्षक म्हणतात, पण कागद बघितला तर तोच संघ त्याच रोटेशनला, म्हणजे खेळाडू फिरत फिरत त्याच जागांवर आल्या की, सातव्या गुणावरही अडकलेला असतो. बहुतेक वेळा सेटर पुढच्या ओळीत आलेली असते, म्हणजे पुढून मारायला दोघीच उरतात. त्यात एखादी पास घ्यायला कच्ची असली की बैलगाडी चिखलात रुतावी तसा संघ त्या जागेवर बसतो. सर्व्हिस तिथंच टाकत राहायचं, एवढं साधं गणित आहे. माझी आंतरराष्ट्रीय खेळाडू मैत्रीण असती तर तिनं हे अंगानं ओळखलं असतं. मी पेननं ओळखायला शिकले.

पुढचं भराभर सांगते. बी.पी.एड. केलं. एका शाळेत मानधनावर पी.टी. घेतली, तिथं परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा. पैसे साठवून पतियाळाच्या एन.आय.एस.चा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स केला. जुन्या मोतीबाग राजवाड्यात भरणाऱ्या त्या संस्थेत मी सगळ्यात जास्त वाद घातला तो रोटेशनवरूनच. परत आल्यावर या कॉलेजात सीझनपुरतं मानधन ठरलं, आणि तेव्हापासून इथंच.

दुसरा प्रश्न असतो, ‘‘मग मेन कोच कधी?’’ कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकांची कायम जागा साधारण एकच असते आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ कागदोपत्री त्यांचेच. ती जागा एम.पी.एड. आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेल्यांची. स्कोअरशीट वाचता येते का, असा रकाना त्या अर्जात नाही. तसा असावा असं माझं मत आहे, पण ते कोण विचारतंय!

नियमानंच बघाल तर सामना चालू असताना असिस्टंट कोचला बाकावर बसायचं असतं, मध्ये पडायचा हक्क नाही. कोचला काही कारणानं जावं लागलं तर कर्णधारानं पंचांना सांगायचं, मग माझी पाळी. म्हणून माझं काम सामन्याआधी संपलेलं असतं. पहाटे सेटरला शंभरदा तोच चेंडू टाकणं, कुणाचा गुडघा मुरमावर सोलवटलाय ते बघणं, आणि समोरच्या संघाच्या सहा रोटेशनचं पान मेन कोच असलेल्या सरांच्या हातात देणं. तीस सेकंदांच्या टाइमआउटमध्ये त्या पानावरची एकच ओळ बोलून होते, त्यामुळं ती एक ओळ कुठली हे आदल्या रात्री ठरवायचं.

आणि हो, नव्या मुलीला पहिला महिनाभर सरावाच्या सामन्यांत स्कोअरशीट भरायलाच लागते. वडिलांचे फोन येतात, ‘‘खेळायला घातलीया मॅडम, कारकुनीला न्हाई.’’ ऐकून घेते. पुढच्या सामन्याला पेन परत तिच्याच हातात देते.