एफ७ चं घर

सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात आठवणी सगळेच लिहितील. मी शाळेच्या बुद्धिबळ संघातल्या मुलांसाठी एका ओपनिंगबद्दल, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींबद्दल, लिहितो. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पोराला पट घेऊन द्यायला घरचे कुरकुरत नसावेत. पण तालुक्याला जाणारी मुलं मार खातात ती या जुन्याच जागी.

पारावरच्या देशी खेळात प्यादं एकेक घर सरकतं. स्पर्धेत पहिल्या चालीला दोन घरं मिळतात. घरांची नावं अशी: उभे पट्टे ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८; नुसतं घर लिहिलं तर चाल प्याद्याची. पांढरा आणि काळा आळीपाळीनं: ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४. ही इटालियन ओपनिंग. उंट एफ७ वर रोखलेला, आणि त्या प्याद्याला राखायला एकटा राजा.

काळ्यानं घोडा एफ६ वर काढला की पांढरा घोडा जी५ वर येतो. एफ७ वर आता दोन मारे. एच६ खेळून त्याला हाकलायला जाऊ नका. तो एफ७ वर बसून वजीर आणि हत्ती एकदम धरतो. डी५ खेळा. पांढऱ्याचं ई-प्यादं ते मारतं.

चूक इथं होते. फुकटचं प्यादं दिसतं, हात घोड्याकडे जातो. काळ्या घोड्यानं डी५ मारलं की पांढरा घोडा एफ७ वर बळी जातो, राजा तो मारतो, आणि वजीर एफ३ वरून शह देतो. राजा मागे गेला तर डी५ चा घोडा गेला. जी८ वर गेला तर तीन चालींत मातच. उरलं ई६. पटाच्या मधोमध, मे महिन्यातल्या उघड्या वावरात उभं राहिल्यासारखं. त्यात घोडा सी३ वर येऊन डी५ वर तिसरा मारा लावतो. याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. एका प्याद्याच्या बदल्यात घोडा मिळालेला असतो खरा, पण घड्याळ चालू असताना असा राजा सांभाळणं शाळकरी पोराच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून पाचव्या चालीला घोडा ए५, उंटावर. (घोडा कडेला नको, हे इथं विसरा.) उंट बी५ शह, मध्ये सी६, प्यादं सी६ मारतं, बी-प्यादं ते परत मारतं. काळ्याचं एक प्यादं कमी, पण उंटाला पळावं लागतं, आणि मग एच६ नं घोडाही हाकलता येतो. त्या वेळात आपली मोहरी बाहेर निघतात.

आणि किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) करताना आधी राजाला हात लावा. हत्तीला आधी लागला तर पंच हत्तीच चालवायला लावतात.