बेचिराग गावाची पांढर शोधताना

आमच्या तालुक्याच्या महसुली यादीत एक गाव आहे, लोकसंख्या शून्य. बेचिराग मौजे, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. वस्ती नेमकी कुठं होती, एवढंच मला शोधायचं होतं.

कागदांतच तीन आठवडे गेले. हातातला नकाशा गट नंबरचा. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर मोडून गट झाले आणि जुने बांधही बरेच पुसले गेले. जुन्या सर्व्हे नकाशाची नक्कल मागितली तर खिडकीतून उत्तर आलं, "असं गावच नाही." चौथ्या खेपेला मिळाली. त्यात गावठाण दाखवलेलं नव्हतं, पण चारी शिवांकडून येणाऱ्या गाडीवाटा एका मोकळ्या नंबरात येऊन संपत होत्या. रानात उगाच कोण गाडीवाट नेतो?

उन्हाळी नांगरटीनंतर गेलो; पीक उभं असताना काही दिसत नाही. काळ्या रानात गुडघाभर उंच, राखाडी पट्टा. शेतकरी काकांनी नकाशाकडे न बघताच सांगितलं, "ही पांढरी. आज्यापासून हेच नाव." काळी पिकाची, पांढर वस्तीची. चुलीची राख, शेण, ढासळलेल्या मातीच्या भिंती, सगळं पिढ्यान्पिढ्या साचलेलं. उंचवटा पूर्वी बराच मोठा होता म्हणे. धाब्याच्या घरांसाठी आणि खतासाठी लोकांनी गाड्या भरभरून माती नेली.

मग दोऱ्या लावून ओळीनं चाललो. खणायचं नाही, उचलायचं नाही, फोटो काढून जागा टिपायची. खापरं ढीगभर, पण कामाला आला चिलमीचा तुकडा. तंबाखू इकडे आणली पोर्तुगीजांनी. अकबराच्या दरबारात ती विजापुराहून पोचली 1604 च्या सुमारास. म्हणजे त्या काळाच्या आसपास किंवा नंतर इथं कुणीतरी झुरके मारत होतं. गाव दुर्गादेवीच्या दुष्काळात उठलं, ही सगळ्यांनी ऐकवलेली गोष्ट तिथंच बाद झाली. तो दुष्काळ दोनशे वर्षं आधीचा. (मला स्वतःला ती गोष्ट फार आवडायची.) आता 1630-32 च्या दुष्काळापासून पुढं, पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी लिपीतले जुने कागद, चाळायचे आहेत.

दोऱ्या गुंडाळल्यावर काका म्हणाले, "गाडी वेशीच्या भाईर लावायची व्हती."

"वेस कुठंय?"

त्यांनी बांधावरच्या शेंदरी मारुतीकडे बोट केलं. वेशीतला मारुती! मी त्याला शेतातला देव समजून टिपलाच नव्हता. दोरी पुन्हा सोडली.