विमानाच्या मागच्या दारातून

एटीआर-७२ जातीच्या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, कारण पुढे, वैमानिकांच्या कक्षामागे, सामानाची जागा असते. मी केबिन क्रू म्हणून याच विमानांवर काम करते. कोल्हापूर हे माझे गाव आहे आणि माझ्या मार्गांपैकीही एक आहे, त्यामुळे उजळाईवाडीच्या विमानतळावर त्या दारात उभी राहून मी ज्यांना नमस्कार करते, त्यांतले काही जण मला लहानपणापासून ओळखत असतात. त्यांच्या दृष्टीने तो नमस्कार म्हणजे स्वागत. तो स्वागत असतोच. पण तालमीचा वस्ताद नव्या पोराकडे जसा पाहतो, तशी मी त्या दोन-तीन सेकंदांत प्रत्येकाला पाहून घेत असते. जिना चढताना कोणाला धाप लागली आहे, कोणाच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे, कोण पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, आणि वेळ आलीच तर दार उघडायला कोणाचे हात उपयोगी पडतील, हे सगळे मला तेवढ्यात ठरवायचे असते.

‘विमानात नेमके काय करतेस गं?’ हा प्रश्न कोल्हापुरात मला प्रत्येक लग्नात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चहाचा ट्रे असतो हे मला दिसत असते. ट्रे हा आमच्या कामाचा दिसणारा भाग आहे. आपल्याकडचा नियम साधारणपणे दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू असा आहे. आमच्या विमानात सत्तरच्या वर आसने असतात, म्हणून आम्ही दोघी असतो. हा हिशेब चहाच्या कपांवरून ठरलेला नाही. एवढ्या आसनांच्या विमानाला मान्यता मिळवताना निम्मी दारे बंद आहेत असे धरून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे निर्मात्याला दाखवून द्यावे लागते. उड्डाणाआधी आमचीही श्वासचाचणी होते, मग अग्निशामके, प्राणवायूची नळकांडी, प्रथमोपचाराची पेटी आणि जीवरक्षक जॅकेटे तपासून झाल्यावरच प्रवाशांना चढवायला सुरुवात होते. चहा त्याच्यानंतर येतो.

पैलवान मंडळींचा प्रवास हा आमच्याकडचा खास विषय आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात सीटबेल्ट कमरेला पुरत नाही अशी माणसे नियमितपणे भेटतात, आणि गंमत अशी की आखाड्यात कोणालाही न लाजणारा हा गडी तेवढ्या एका पट्ट्यापायी कानापर्यंत लाल होतो. सीटबेल्ट लांब करणारा जोडपट्टा त्याच्या हातात देताना तो घडी करून, शेजारच्याला दिसणार नाही असा द्यायचा, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही. पण आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत अशा प्रवाशाला आम्ही बसू देत नाही, कारण घाईच्या वेळी तो लांब पट्टा इतरांच्या पायांत अडकू शकतो. एकाला हे समजावताना तो मला म्हणाला, ‘अहो ताई, दार उघडायचंच आहे नव्हं? बिजागरीसकट काढून देतो की.’ त्याच्या ताकदीबद्दल मला शंका नव्हती. तरीही त्याला जागा बदलावी लागली.

जागा बदलण्यावरून सर्वांत जास्त वाद होतात, आणि ते नेहमी उलट्या दिशेचे असतात. मागे रिकाम्या जागा दिसल्या की अख्खे कुटुंब उठून एकत्र बसायला निघते. लहान विमानात पुढे किती आणि मागे किती माणसे आहेत, यावर विमानाचा तोल ठरतो. तो आकडा आम्ही वैमानिकांना कळवलेला असतो, म्हणून उड्डाण होईपर्यंत मनाप्रमाणे जागा बदलता येत नाही. हे कारण सांगितले की बहुतेक लोक शांत होतात. नुसते ‘नियम आहे’ म्हटले की चिडतात, आणि मला वाटते त्यांचे चिडणे अगदीच चुकीचे नसते.

मात्र काही राग आमच्या वाट्याला विनाकारण येतो. मिरचीपूड हातातल्या सामानातून नेता येत नाही, त्यामुळे हैदराबादला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलासाठी घरी कुटलेली कांदालसूण चटणी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते, आणि ती माउली विमानात चढते ती थेट माझ्याशी बोलायला. चटणी कोणी घेतली, कोणत्या नियमाने घेतली, याच्याशी माझा संबंध नसतो. पण गणवेश घातलेली, मराठी बोलणारी आणि पळून जाऊ न शकणारी अशी तिथे मी एकटीच असते. मी तिला पाणी देते आणि पुढच्या वेळी चटणी काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत भरा, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्यातही घालू नका, कारण खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, असे सांगते. यावर एका आजींनी मला, ‘मग तूच का घेऊन जात न्हाईस? तू तर रोज जातीस,’ असा प्रस्ताव दिला होता. तो मला नाकारावा लागला, कारण दुसऱ्याचे सामान आपल्याबरोबर न नेणे हे आम्हालाही तितकेच लागू आहे.

पावसाळ्यात या सगळ्याचा सूर बदलतो. एटीआर हे पंख्यांचे विमान मोठ्या जेट विमानांइतके उंच जात नाही. ढगांच्या वरून निघून जाण्याची सोय त्याला फारशी नसते, आणि मुंबईचा मार्ग सह्याद्रीवरून जातो. जून ते सप्टेंबर या काळात हादरे बसले की प्रवासी खिडकीबाहेर पाहत नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहतात. आमचे आसन त्यांच्याकडे तोंड करून असते, ते यासाठीच की आम्हाला ते दिसावेत. पण त्यामुळे आम्हीही त्यांना दिसतो. अशा वेळी हसत राहणे उपयोगाचे नाही, कारण घाबरलेल्या माणसाला हसरा चेहरा खोटा वाटतो. मी साधा, कामात असलेला चेहरा ठेवते. आणि मी खरोखरच कामात असते: उतरण्यापूर्वी पाठ टेकून, हात ठरलेल्या पद्धतीने ठेवून, मनातल्या मनात उजळणी चालू असते. माझे दार कोणते, ते कसे उघडते, बाहेर आग दिसली तर काय, माझ्या बाजूला मदतीला कोण आहे. समोरचे काका डोळे मिटून ज्योतिबाचे नाव घेत असतात, शेजारचा तरुण आसनाचे हात घट्ट धरून बसलेला असतो, आणि आम्हा तिघांपैकी कोणीही एकमेकांना काही बोलत नाही.

उद्धट प्रवासी असतात, पण त्यांच्यावर फार शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. चुटकी वाजवून बोलावणारे असतात, न विचारता मोबाइलवर चित्रण करणारे असतात. गैरवर्तनाच्या तीन पातळ्या नियमांत ठरलेल्या आहेत. शिवीगाळीसारख्या पहिल्या पातळीसाठी ३ महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावणे अशा दुसऱ्या पातळीसाठी ६ महिन्यांपर्यंत आणि जीव धोक्यात घालणाऱ्या तिसऱ्या पातळीसाठी किमान २ वर्षे विमानप्रवासाची बंदी होऊ शकते. हे शांतपणे सांगितल्यावर चुटक्या सहसा थांबतात.

तिरुपतीच्या मार्गावर काम असले की मला बरे वाटते. नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला शालू येतो आणि बालाजीचे दर्शन झाल्यावर अंबाबाईचेही घ्यावे अशी श्रद्धा असल्याने या मार्गावर देवाचे येणे-जाणे दोन्ही बाजूंनी आहे. परतीच्या प्रवासात लाडवाचा वास सगळ्या विमानात भरलेला असतो, आणि ‘घे गं पोरी, सकाळपासून काय खाल्लंस का न्हाई?’ असे म्हणत कोणीतरी प्रसाद हातावर ठेवतेच. अडचण एवढीच की जाताना लक्षात ठेवलेले चेहरे येताना ओळखू येत नाहीत, कारण निम्म्या डोक्यांवर केस नसतात.

असाच एक गृहस्थ दारात थांबून मला म्हणाला, ‘ओळखलं न्हाईस नव्हं? जाताना बॅगेवरनं तुझ्याशी भांडलो, त्यो मीच. केसांबरोबर रागबी ठेवून आलो बघ तिकडं.’ मी नमस्कार केला आणि त्यांना मनापासून बरे म्हटले. दार बंद झाल्यावर तपासणी करीत पुढे गेले तर तीच फुगलेली बॅग याही वेळी त्यांच्या पायांत होती, आणि ती वरच्या कप्प्यात ठेवा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, त्यावरून राग नेमका किती ठेवून आले आहेत याचा मला अंदाज आला.