मनोरीच्या खाडीत, द्वितीयेच्या ओहोटीला

हिवाळ्यात लडाखकडून आलेले चिखल्या पक्षी मुंबईतल्या मनोरीच्या खाडीत उतरतात. मुठीत मावतील एवढे, ओल्या चिखलाच्याच रंगाचे. एका मासिकाला त्यांचे फोटो हवे होते. वेळ मी कोळ्यांच्या हिशेबाने ठरवली: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीया होती, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला, पूर्ण ओहोटी. पाणी हटलं की पक्षी चरायला उघड्यावर येतात.

माझ्या कुत्र्याला, बंड्याला, न्यायला नको होतं. पण मुक्काम मैत्रिणीकडे, तिच्या घरात तान्हं बाळ, आणि हा पहाटेपासून दाराशी कुईकुई करत बसलेला. नेला. कॅमेऱ्याला दोन्ही हात लागतात म्हणून पट्टा कंबरेच्या बेल्टला अडकवला. चूक तिथेच झाली. हातातला पट्टा वेळेला सोडता येतो, कंबरेचा ओढला गेला की माणूसच जातो.

साडेआठच्या सुमाराला तिवरांच्या कडेला एक निवटी, चिखलात उड्या मारणारी मासळी, टुणकन उडाली आणि बंड्या झेपावला. बांधावरून मी थेट खाली. उजवा पाय मांडीपर्यंत आत, डावा गुडघ्यापर्यंत. पुढे बंड्या पोटापर्यंत रुतलेला, त्याच्या प्रत्येक धडपडीने मी आणखी ओढली जात होते. कॅमेरा एका हाताने डोक्यावर धरला होता. पाणी परतत होतं. भरतीचं पाणी आधी दिसत नाही. तिवरांची चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढी मुळं एकेक करून बुडतात, तेव्हा कळतं. मी ती मुळं बघत होते. बेल्टचं बक्कल एका हाताने उघडेना.

कॅमेरा सोडला. ३०० एमएमची लेन्स, जिचे हप्ते नुकतेच फिटले होते, ती चिखलात पालथी पडली आणि बुडबुडे आले.

बक्कल उघडलं, तरी दोघंही रुतलेलेच. तेवढ्यात खडकांवर कालवं काढणाऱ्या मावशी ओरडल्या, “पाय उपटू नको गं पोरी! आडवी हो, आडवी!” पाय जोरात ओढला की खाली पोकळी होते आणि चिखल तो आणखी घट्ट धरतो. टाच हळूहळू हलवत राहिलं की पाणी आत शिरतं, पकड सुटते. मी पोटावर आडवी झाले, अंगाचा भार पसरला. पाय सुटायला बराच वेळ गेला. तोवर मावशींनी कालवांची टोपली रिकामी करून बंड्याच्या पुढच्या पायांखाली सरकवली होती. तो तिच्यावर चढला. मग कोयतीच्या टोकाने त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा ओढून काढला.

कॅमेरा सुरू करून बघायचा मोह आवरला. बॅटरी काढली, कार्ड काढून पिण्याच्या पाण्याने धुतलं. फोर्टातल्या बोरा बाजारात दुरुस्तीवाल्यांनी उघडला तेव्हा आत पांढरे-हिरवे डाग पडले होते. गोडं पाणी असतं तर आशा होती, म्हणाले, मीठ बोर्ड खातं. बॉडी गेली, लेन्सची मोटर गेली. कार्ड मात्र वाळल्यावर उघडलं.

मासिकाने त्यातला एक फोटो घेतला. त्याची प्रत द्यायला मी मनोरीला गेले. मावशींनी ओले हात लुगड्याला पुसले, फोटो हातात घेण्याआधी माझ्या मागे बघितलं.

“कुत्रा बरा हाय ना?”