८१ जागांवर सरकार कसं चाललं?

आयर्लंडचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: तिथे एकाच पक्षाचं शेवटचं सरकार कोणतं, आणि बहुमत नसताना ते टिकलं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १९८७चं, फिअना फॉल पक्षाचं, चार्ल्स हॉही यांचं.

आधी आपल्याकडची सवय बाजूला ठेवा. त्रिशंकू विधानसभेत राज्यपाल आधी शपथ देतात, बहुमत मागाहून सिद्ध होतं. तिथे उलटं. डॉल, म्हणजे खालचं सभागृह, आधी मतदान करून नाव ठरवतं आणि मग राष्ट्राध्यक्ष टीशक, म्हणजे पंतप्रधान नेमतात. राजभवनाच्या चकरा नाहीत.

१० मार्च १९८७चं गणित बघा. जागा १६६, फिअना फॉलचे ८१. सभापती एरवी मत देत नाही, त्यामुळे आपलाच माणूस त्या खुर्चीत बसवला तर उरणार ८०. म्हणून अपक्ष शॉन ट्रेसी सभापती झाले. दुसरे अपक्ष नील ब्लेनी सोबत आले: ८२. विरोधात फिने गेल ५१, प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स १४, लेबर १२, वर्कर्स पार्टी ४ आणि एकांडे जिम केमी: तेही ८२! डब्लिनचे टोनी ग्रेगरी तटस्थ राहिले. बरोबरी झाली तरच सभापतीला मत असतं. ट्रेसींनी ते हॉहींच्या पारड्यात टाकलं.

विरोधात असताना आरोग्यखर्चाच्या कपातीवर रान उठवणाऱ्या या पक्षाने सत्तेत येताच स्वतःच कात्री काढली. अर्थमंत्री होते रे मॅकशॅरी. सप्टेंबरमध्ये फिने गेलचे नेते ॲलन ड्यूक्स यांनी टॅला इथे जाहीर केलं, की आर्थिक दिशा बरोबर असेल तर आम्ही आडवे येणार नाही. सरकार तगलं ते या शब्दावर.

पण हा शब्द आर्थिक धोरणापुरता होता. एप्रिल १९८९मध्ये एचआयव्हीची लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना ४ लाख पौंडांचा निधी द्या, या विरोधकांच्या मागणीवर सरकार हरलं. हा काही अविश्वास ठराव नव्हता, राजीनाम्याची सक्ती नव्हती. तरी हॉहींनी निवडणूक लावली. हा शुद्ध आगाऊपणा.

१५ जूनला मतं पूर्वीइतकीच, सुमारे ४४ टक्के, पण जागा ७७. आपल्या राज्यसभेसारखं पसंतीक्रमाचं मतदान आहे ते. खालच्या पसंत्या कुठे वळतात त्यावर शेवटच्या जागा ठरतात. २९ जूनला डॉलने कुणालाच टीशक निवडलं नाही. १२ जुलैला हॉहींनी प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सच्या ६ जणांशी आघाडी केली, ८३ झाले, आणि एकपक्षीय सरकार संपलं. त्यांचे नेते डेस ओमॅली. त्यांना फिअना फॉलनेच १९८५मध्ये पक्षाबाहेर काढलं होतं.