आठ ट्रॉल्या प्रेसमड आणि वडिलांचा शेअर

मुलुंडला राहून कृष्णाकाठचा अडीच एकर ऊस सांभाळणाऱ्या माणसाने सहकारी साखर कारखान्याची पायरी किती वेळा चढावी, याला काही मर्यादा असेल तर ती मला अजून कळलेली नाही. मला फक्त आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या, ऊसलागणीआधी रानात खत म्हणून टाकायला आठ ट्रॉल्या प्रेसमड हवे होते. फोनवर मी गावच्या सवयीने ‘मळी’ म्हणालो, तर कारकुनाने ‘तिला परवाना लागतो’ असे सांगून फोन ठेवला. मद्यार्क बनवणाऱ्या आसवनीला जाणारी पाकासारखी मळी आणि उसाचा रस गाळून उरणारा काळपट गाळ, म्हणजे प्रेसमड, या दोन्हींना आपल्याकडे एकच नाव असल्याने तुम्ही पहिल्या वाक्यातच प्रेसमड म्हणा.

डिजिटल सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळाला आणि ऊसनोंदीची पावती चिटबॉयने, म्हणजे गावातल्या उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, पाठवली. घोडे पेंड खाऊ लागले ते शेअर विभागात. प्रेसमड आधी सभासदाला, आणि सभासद म्हणून नाव वडिलांचे, ज्यांना जाऊन तीन वर्षे झाली. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझे नाव लागले होते, ऊसबिल माझ्याच खात्यात जमा होत होते, तरी त्या विभागाच्या लेखी वडील हयातच होते. पहिल्या खेपेस मृत्यूचा दाखला मागितला, दुसऱ्या खेपेस बहिणींचे संमतिपत्र, आणि तिसऱ्या खेपेस, ते साध्या कागदावर चालत नाही, स्टॅम्पपेपरवर हवे, असे सांगितले. प्रत्येक खेप म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसमधली एक रात्र आणि एका दिवसाची रजा. त्या तिसऱ्या खेपेस मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता, कारण साहेब जे जेवायला गेले ते साडेतीनपर्यंत परतले नाहीत. त्या वेळात चहाच्या गाड्यावर चिटबॉयने सांगितले की, शेअरचे प्रस्ताव संचालक मंडळाच्या बैठकीतच मंजूर होतात. तेव्हा सगळे कागद एकदम द्यावेत आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. हे खिडकीवर सांगायला किती वेळ लागला असता?

चौथ्या खेपेस पोच मिळाली, पुढच्या बैठकीत नाव लागले आणि ट्रॉल्या दोन दिवसांत बांधावर आल्या. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, हे सहकाऱ्यांना समजावणे कठीण गेले.

ताजे प्रेसमड थेट सरीत टाकू नये, कारण ते कुजताना तापते आणि उगवणीला मार बसतो. आम्ही शेणकाला शिंपडून, ढीग वरखाली करत दोन महिने कुजवले. ते ओले असते, म्हणून दर वजनावर असल्यास पाण्याचेही पैसे पडतात. अर्ज मात्र गळीत हंगाम सुरू होताच करावा, कारण हल्ली बायोगॅस प्रकल्पही प्रेसमड उचलू लागले आहेत. प्रेसमडमधून स्फुरद (फॉस्फरस) आणि सेंद्रिय कर्ब चांगला मिळतो, पण पालाश (पोटॅश) कमी पडते. त्यासाठी मळीपासून बनवलेले 14.5 टक्के पालाशाचे खत असते आणि 2021 पासून त्यावर केंद्राचे अनुदानही आहे. त्याची चौकशी करायला त्याच इमारतीत जावे लागेल, आणि तेवढा धीर मला अजून झालेला नाही.