बाण गेला म्हणून माऊस घ्यावा का?

खानापुरातील माझ्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका करायला आलेला माणूस निघता निघता विचारतो, "लॅपटॉपवरचा बाण गायब झालाय की हो, आता नवीन माऊस घ्यायचा काय?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतःला देऊन बसलो होतो. ऐन लग्नसराईत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पत्रिकांची प्रुफे तपासायची राहिली असताना एका सकाळी पडद्यावर बाणच नव्हता. बेळगावला जाऊन नवा माऊस आणला. तरीही बाण आला नाही, तेव्हा तोच खराब असेल असे समजून दुसऱ्या दिवशी आणखी एक आणला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

माऊस निर्दोष होता हे मला फार उशिरा, तेही योगायोगाने कळले. न दिसणारा बाण बटणांवरून फिरला की त्यांचा रंग बदलत होता आणि उजवी कळ दाबली की मेनू उघडत होता. म्हणजे हाताची हालचाल संगणकापर्यंत पोहोचत होती, फक्त बाणाचे चित्र पडद्यावर उमटत नव्हते. ही परीक्षा सर्वांत आधी करावी. रंगही बदलत नसेल, तर मात्र माऊसची वायर, यूएसबीचे भोक किंवा चुकून बंद झालेले टचपॅड तपासावे. त्या दुखण्याचा पुढच्या मजकुराशी संबंध नाही.

बाण बहुधा पडद्यावरील बाकीच्या चित्रात मिसळून रंगवला जात नाही. ग्राफिक्सच्या चिपमध्ये त्याच्यासाठी वेगळा थर असतो आणि चित्र पडद्याकडे जाताना शेवटच्या क्षणी तो थर वर ठेवला जातो, म्हणून जड फाईल उघडत असतानाही बाण सहज सरकतो. हा थर हाताळणारा व्हिडिओ ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्सची चिप विंडोजला चालवता यावी म्हणून असलेला प्रोग्रॅम, बिघडला, की बाकी चित्र शाबूत राहून नेमका बाण तेवढा नाहीसा होतो. ग्राफिक्सच्या दोन चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये हे विशेष संभवते, कारण तेथे इंटेल आणि एनव्हिडिया या दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदायचे असतात आणि विंडोज अपडेट त्यांपैकी एकालाच परस्पर बदलून टाकू शकते. (स्क्रीनशॉट पाठवून "बघा, बाण नाही" असे सांगणाऱ्यांना मी हसतो, कारण धडधाकट संगणकाच्या स्क्रीनशॉटमध्येही बाण सहसा येत नाही.)

आता बाणाशिवाय दुरुस्ती करायची, म्हणजे सारी भिस्त कीबोर्डवर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, त्याने घाबरू नये. कधी एवढ्यावरच काम भागते. न भागल्यास विंडोज आणि एक्स, मग एम, असे दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडावा, कीबोर्डवरील बाणांच्या कळांनी डिस्प्ले अडॅप्टरपर्यंत, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपच्या नावापर्यंत, जावे आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' (आधीचा ड्रायव्हर परत आणणारे बटण) चालू असल्यास तो निवडावा. ते बटण फिकट असेल, तर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून पाहावा. तेथे विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते, त्यामुळे बाण दिसला की दोषी कोण हे ठरले. मग बिघडलेला ड्रायव्हर काढून लॅपटॉपच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर बसवावा आणि अपडेट काही दिवस थांबवावे, नाहीतर तीच आवृत्ती पुन्हा येऊन बसण्याची शक्यता असते.

हे सर्व करायला वेळ नसतो तेव्हा माझा एक जुगाड आहे. माऊसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर ट्रेल्स, म्हणजे बाणामागची शेपटी, सुरू करून ती सर्वांत आखूड ठेवावी. शेपटी असली की विंडोज तो वेगळा थर सोडून बाण मुख्य चित्रातच रंगवते आणि पुष्कळदा तो लगेच परत येतो. मूळ रोग त्याने बरा होत नाही, पण प्रुफे वेळेवर जातात. निपाणीच्या एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर मी ती शेपटी तात्पुरती म्हणून लावून दिली होती. ड्रायव्हर केव्हाच दुरुस्त झाला, तरी आता शेपटीविना बाण सापडत नाही म्हणून ते ती काढू देत नाहीत.